वळ

कप विसळताना बाही ओली होऊ नये म्हणून तिनं ती कोपराच्या वर सारली, आणि शेजारच्या नळाशी उभ्या असलेल्या अकाउंट्सच्या बाईंनी आपला नळ बंद केला. दाराकडे एकदा बघून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

"हो. का?"

त्यांनी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोपराच्या आतून मनगटाकडे उतरलेला तो लांबट वळ मधे जांभळा होता, कडेनं हिरवट, आणि खालच्या टोकाला कालचा ताजा लाल.

"हे होय! हे धनुष्याचं."

"धनुष्याचं."

"मी तिरंदाजी शिकते ना. बाण सुटताना दोरी लागते हाताला."

बाईंनी मान हलवली. समोरच्याला आणखी खोटं बोलावं लागू नये म्हणून आपण हलवतो तशी. "माझ्या वहिनीला दार लागायचं," त्या म्हणाल्या. "सारखं दार लागायचं बिचारीला." आणि पदराला हात पुसत त्या निघून गेल्या. ती ओला कप हातात धरून तशीच उभी राहिली. एवढं सरळ, खरं, दोन वाक्यांत संपणारं स्पष्टीकरण. ते तोंडातून बाहेर पडताना इतकं फालतू का वाटलं? धनुष्याचं म्हणे. तिला स्वतःलाच ते पटलं नसतं.

जागेवर येऊन तिनं बाही खाली ओढली आणि समोरचा मजकूर पुन्हा वाचायला घेतला. झाकण पूर्ण बसल्याची खात्री करा. झाकण बसल्यावर खट असा आवाज येईल. आवाज न आल्यास यंत्र सुरू करू नका. हे तिचं काम होतं. लग्नाआधीपासून ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत आली होती: कपडे धुण्याचं यंत्र, केर ओढण्याचं यंत्र, हवा गार करणारं, पाणी गरम करणारं. लोक खोकं फोडतात, पुस्तिका खणात कोंबतात, बटण दाबतात आणि मग फोन करून ओरडतात, हे तिला ठाऊक होतं. पण आपण लिहिलेलं एखादं वाक्य कुणीतरी, कुठंतरी, बोट ठेवून वाचेल आणि त्याचं बोट कापणार नाही, यावर तिचा विश्वास होता. त्याहून मोठाही एक विश्वास होता. जगात न येणारी गोष्ट नसते, नीट न लिहिलेली गोष्ट असते. याच विश्वासावर ती पुस्तक मांडीवर ठेवून गाडी शिकली होती, पलंगावर पालथी पडून पोहायचे हात शिकली होती (नवरा अजून हसायचा), आणि आईच्या शेवटच्या वर्षांत, न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, पाठ कशी पुसायची, गोळी कशी भरवायची, हे सगळं चित्रांवरून शिकली होती. कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं. विचारलं की माणसं गोष्टी सांगायला लागतात.

आई गेल्यावर संध्याकाळ नावाची वस्तू एकदम रिकामी झाली. कामावरून येऊन ती किल्ली हातात धरून दाराशी उभी राहायची आणि आत जाऊन काय करायचं ते आठवायचंच नाही. घराच्या वाटेवर एक मैदान होतं. जाळीच्या आत काही माणसं ओळीनं उभी असायची, दोरी हनुवटीपर्यंत ओढलेली, एक डोळा किंचित बारीक. त्या क्षणापुरतं त्यांच्याकडे कुणी काही मागू शकत नव्हतं. ना पाणी, ना औषध, ना कूस बदलून. ते बघून तिच्या छातीत काहीतरी सैल झालं होतं. दुसरं कुणी असतं तर फाटक ढकलून आत गेलं असतं. ती पुस्तकांच्या दुकानात गेली.

आणि तिथून डोक्याला ताप सुरू झाला. पहिलं पुस्तक म्हणत होतं, धनुष्य घट्ट धरू नका. दुसरं म्हणत होतं, धनुष्य धरूच नका, ते तळहातावर टेकू द्या. तिसरं सुरुवातीलाच प्रत्यंचा म्हणाल्यामुळे तिच्या मनातून उतरलं. एव्हाना ती मैदानावर जायला लागली होती आणि तिथं झाडून सगळे दोरी म्हणत होते. आणि कोपर! कोपराबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, आणि नेमकं तेच करता येण्यासारखं नव्हतं. पुढच्या हाताचं कोपर बाहेर वळवा, म्हणजे दोरी हाताला घासणार नाही. मात्र तळहात वळू देऊ नका. ती फ्रिजच्या दारासमोर उभी राहून, दार पकडून, कोपर वळवत बसायची. कोपर वळलं की तळहात वळायचा. तळहात धरून ठेवला की कोपर तिच्याकडे ढिम्म बघत राहायचं. नवरा पाणी घ्यायला यायचा.

"काय करतेस?"

"कोपर वळवते."

"बरं," म्हणून तो तिच्या काखेखालून बाटली काढून घ्यायचा.

पण खरा संताप मनाच्या प्रकरणांनी आणला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक मनाचं प्रकरण होतं, आणि तिथं पोचेपर्यंत शहाण्यासारखी बोलणारी माणसं तिथं आल्यावर एकदम देवळाच्या पायरीवर बसल्यासारखी बोलायला लागायची. नेमाची इच्छा सोडा. बाण तुम्ही सोडू नका, त्याला सुटू द्या. विचार करू नका, हे सांगायला एकानं अख्खं प्रकरण घेतलं होतं. तिनं असं वाक्य लिहिलं असतं तर साहेबांनी तिला घरी बसवलं असतं. यंत्र तुम्ही सुरू करू नका, त्याला सुरू होऊ द्या! आणि गंमत म्हणजे तिला नेमकी त्याच प्रकरणाची गरज होती. कारण कोपर तरी बाहेरचं होतं. आत काहीतरी वेगळंच बिघडलं होतं. नेम खालून हळूहळू वर यायचा, काळ्यातून निळ्यात, निळ्यातून लाल रंगात, आणि पिवळ्याच्या कडेला पोचला रे पोचला की बोटं आपोआप उघडायची. ती उघडायची नाही, बोटं उघडायची. फाट! बाण कुठंतरी खाली, आणि हातावर चटका. पुस्तकात याला नाव होतं: नेमाची धास्ती. मधोमध चुकेल या भीतीनं मन तिथं पोचण्याआधीच सुटका करून घेतं. भीती कसली? मातीचं मैदान, गवताची गादी, त्यावर एक कागद. तिला घाबरायला कुणी सांगितलं होतं?

नळाशी ते बोलणं झालं त्या संध्याकाळी जेवताना तिनं मुद्दाम आखूड बाह्या घातल्या. नवरा कवळ्या बनवायचा. दिवसभर भिंगाखाली दुसऱ्यांचे दात घासून तो घरी यायचा तेव्हा त्याची नजर थकलेली असायची, हे तिला मान्य होतं. पण तिनं भाजीचं भांडं पुढं सरकवलं ते डाव्या हातानं, सावकाश, वळ दिव्याखाली येईल असं. त्यानं भाजी घेतली. तिनं पाण्याचा जग उचलला. त्यानं पेला पुढं केला.

"आज एका आजोबांची कवळी परत आली," तो म्हणाला. "म्हणे हसताना बायको ओळखत नाही."

"मग?"

"मग काय, जरा पिवळे करून दिले दात. माझंच चुकलं होतं. माणसाच्या वयाला शोभतील असे पाहिजेत."

ती जग धरून थांबली. एका अनोळखी म्हणाव्या अशा बाईनं नळाशी, अर्ध्या क्षणात, जे पाहिलं, ते या माणसाला एका टेबलावर बसून दिसत नाही. दातांच्या रंगात इकडचं तिकडं झालेलं याला कळतं. तिनं जग आपटला. तो म्हणाला, "आणखी भाजी आहे?" नंतर न्हाणीघरात जाऊन तिनं फळीवरचं मलम हाताला चोळलं, इतकं जोरात की डोळ्यांत पाणी आलं.

मैदानावर मास्तर होते. पूर्वी कुठल्याशा शाळेत खेळ शिकवायचे. आता खुर्ची टाकून बसत आणि कुणी विचारलं तरच उठत. ती कधी विचारायची नाही. दुसऱ्या दिवशी दोरी लागल्याचा आवाज ऐकून ते स्वतःच उठून आले.

"पट्टा का बांधत नाही हाताला? सगळे बांधतात."

"पट्टा बांधला की चूक लपते. कोपर सुधारेपर्यंत बांधायचा नाही असं ठरवलंय मी."

"पुस्तकात आहे असं?"

"नाही. पुस्तकात बांधा असंच आहे. हे माझं."

मास्तरांनी हात पुढं केला. "कोपर धरून दाखवू का?"

"नको. कुठं चुकतंय ते मला कळलंय."

"कळलंय," मास्तर म्हणाले, आणि परत जाऊन खुर्चीत बसले. तिला त्यांच्या त्या एका शब्दाचा रात्रभर राग येत राहिला.

कचेरीत आता सगळ्यांचे आवाज मऊ झाले होते. नव्या ओव्हनच्या पुस्तिकेचं काम साहेबांनी तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं, "तुम्ही जरा आराम करा, घरचं बघा." घरचं काय बघा? चहावाला तिच्या कपात न मागता साखर जास्त घालायला लागला. दया म्हणजे काय चीज असते ते तिला पहिल्यांदाच कळत होतं: चिकट, गोड, आणि अंगाला लागली की जाता जात नाही. शेवटी तिचा ताबा सुटला. बाई पुन्हा तिच्या टेबलाशी येऊन हळूच "झोप लागते का?" विचारत होत्या, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "अहो, मला नवरा मारत नाही!"

हे ती ओरडलीच असणार. कारण सगळी खोली गप्प झाली, आणि मग सगळे एकदम जोरजोरात टाइप करायला लागले. या जगात ते वाक्य म्हणून आजवर कुणाची सुटका झाली असेल तर शपथ, असं तिला वाटलं. बाईंनी मात्र खुर्ची ओढून घेतली आणि तिच्या शेजारी बसल्या.

"माझ्याकडे मागची खोली आहे," त्या म्हणाल्या. "तिची किल्ली वेगळी आहे. केव्हाही ये. मी काही विचारणार नाही."

"पण बाई, खरंच..."

"ऐक. माझी वहिनी म्हणायची, दार लागलं. आणि मी काय म्हणायचे माहितीये? बघून चालत जा गं जरा. हसत हसत म्हणायचे. वर्षानुवर्षं. आम्ही सगळेच हसायचो. घरात तिचं नावच पडलं होतं, धांदरट."

"मग?"

"मग एक दिवस ती उठलीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तुला राग आला तरी चालेल. तू धनुष्य म्हण, बाण म्हण. मी विचारणार."

इतका वेळ ज्या बाईला मनातल्या मनात तिनं भोचक, चोंबडी, रिकामटेकडी म्हटलं होतं, तिचे हात टेबलावर एकमेकांत गुंतलेले होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. राग मात्र गेला नाही. उलट वाढला, फक्त आता तो कुणावर काढावा ते कळेना. खऱ्या मार खाल्लेल्या बाईच्या जागेवर आपण येऊन बसलोय, आणि उठायचं म्हटलं तरी उठता येत नाही, असं काहीतरी तिला वाटत राहिलं.

आणि नेमका त्याच दिवशी नवरा तिला न्यायला आला. तो कधी यायचा नाही. काम लवकर संपलं होतं म्हणून आला आणि रस्त्यावर, कचेरीच्या दारासमोर, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा राहिला. तिनं खिडकीतून पाहिलं तेव्हा बाई त्याच्यासमोर होत्या. त्यांचं बोट वर होतं. तो मान खाली घालून ऐकत होता. लिफ्ट येईना, म्हणून ती जिन्यानं धावत उतरली. ती पोचली तेव्हा बाई रस्ता ओलांडून गेल्या होत्या आणि तो तिथंच उभा होता, कान लाल झालेले.

"काय म्हणाल्या त्या?"

"चल, चालत जाऊ," तो म्हणाला.

कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान मागं पडल्यावर तो म्हणाला, "हात उगारताना लाज नाही वाटत का, म्हणाल्या."

"आणि तू सांगितलं नाहीस? तिरंदाजीचं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. तर म्हणाल्या, तिनं हेच पाठ करून घेतलंय तुमच्याकडून. मग म्हणाल्या, तिच्या हातावर काय आहे ते तुम्ही पाहिलंय की नाही? मी म्हटलं, पाहिलंय. तर म्हणाल्या, पाहिलंय ना, मग काय केलंत?" तो थांबला. "याच्यावर काय बोलणार?"

"पाहिलंय?" ती म्हणाली. "तू कधी पाहिलंस?"

"कधी म्हणजे? पहिला आला तेव्हा लाल होता. मग जांभळा झाला. तो हिरवा पडायला लागला तोवर त्याच्या खाली दुसरा आला, तो जास्त काळसर होता, आत रक्त साकळलं असणार. परवा वरची कड पिवळी पडली." तो सांगत होता ते इतकं बरोबर होतं की तिला बाही वर करून पडताळायची गरज वाटली नाही. "छटा बघणं हेच काम आहे गं माझं. आणि मलम कुणी आणलं असं वाटलं तुला? फळीवर उगवलं?"

रस्त्यावर माणसं त्यांना ओलांडून जात होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मलम होतं. घरात मलम असतंच, असं धरून तिनं ते वापरलं होतं.

"मग विचारलं का नाहीस?"

"तूच सांगितलं होतंस. आईंच्या वेळी. मी रोज विचारायचो, दमलीस का, मी बसू का आज त्यांच्यापाशी. एकदा तू म्हणालीस, हे बघ, मला सारखं विचारत जाऊ नकोस, विचारलंस की मला रडू येतं आणि मला वेळ नाही. मग नाही विचारलं."

"अरे, ते तेव्हाचं होतं!"

"आता संपलं, असं कुठं सांगितलंस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. माणसानं भांडताना निदान थोडं तरी चुकावं.

घराच्या फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "शनिवारी सकाळी मी त्यांना बोलावलंय. मैदानावर. म्हटलं, या आणि स्वतः बघा."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला आणि कुलूप काढायला लागला.

शनिवारी ऊन लख्ख होतं आणि वारा नव्हता. म्हणजे वाऱ्याला दोष देण्याचीही सोय नव्हती. बाई वेळेआधी येऊन बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, पाठ ताठ, कोर्टात साक्षीला आल्यासारख्या. नवरा त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे तिसरं माणूस बसेल एवढी जागा. मास्तर आपल्या खुर्चीत. तिनं बाण लावला, पाय रोवले, दोरी ओढली, आणि पाठीला दोघांच्या नजरा टोचल्या. एका नजरेला वाटत होतं की आत्ता खोटं उघडं पडेल. दुसरी नजर कशी होती ते बघायची तिची छाती होईना. नेम काळ्यातच थरथरायला लागला. खांदा दुखायला लागला. तिनं दोरी न सोडता सावकाश परत नेली, धनुष्य खाली घेतलं आणि मागं वळून ओरडली, "तुम्ही दोघं बघू नका बरं! बघितलं की मला जमत नाही. तिकडं तोंड करा!"

दोघंही मुकाट्यानं उठले. बाकाला वळसा घालून पलीकडून बसले, कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक पाण्याचा पाइप होता. ते त्या पाइपाकडे बघत बसले.

तिनं पुन्हा दोरी ओढली. आता कुणी बघत नव्हतं. नेम वर चढला, निळा, लाल, आणि पिवळ्याच्या कडेला आला मात्र, बोटं उघडली. बाण खालच्या काळ्यात रुतला. म्हणजे नजरांचं काही नव्हतं. त्या बिचाऱ्या उगाच हाकलल्या होत्या. तिनं वळून पाहिलं. दोन पाठी. एक रुंद, फिक्या पदरातली. एक जरा वाकलेली, ओळखीची, मानेजवळ सदऱ्याची शिवण उसवलेली. ती शिवण कधी उसवली होती कुणास ठाऊक. दोघं इतके निमूट बसले होते की तिनं सांगितलं नसतं तर संध्याकाळपर्यंत बसले असते. ती सांगेल तसं बसणारी माणसं. कुणी बघू नका म्हटलं की न बघणारी, विचारू नका म्हटलं की न विचारणारी. आणि मग आपणच, भांड्यांच्या आडून, हात दिव्याखाली धरून, बघत का नाहीत म्हणून चडफडायचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"लागला का?" नवऱ्यानं भिंतीला विचारलं.

"वळा," ती म्हणाली.

"काय?"

"वळा म्हटलं ना! इकडं तोंड करा. बघा."

ते वळले. बाईंनी पर्स खाली ठेवली. तिनं पाय रोवले. नजरा होत्याच, टोचतही होत्या. तिनं त्यांना टोचू दिलं. दोरी हनुवटीशी आली, नाकाला टेकली. नेम चढला. पिवळ्याची कड आली, बोटं सुटायला बघायला लागली, आणि ती मनात म्हणाली, थांब गं, जरा थांब. बोटं क्षणभर थांबली. कधी नव्हे ती ती पिवळ्याच्या आत होती, तिथं काही नव्हतं, नुसता पिवळा रंग होता. मग बाण सुटला. कोपर अर्थातच वळलेलं नव्हतं. दोरी सगळ्या जोरानं हातावर बसली, जुन्या वळावरच, चाबकासारखी, आणि आजवर ओठ दाबून गिळलेला तो आवाज पहिल्यांदाच बाहेर पडला. "आई गं!"

बाण कुठं गेला ते तिनं पाहिलंच नाही. बाई दोन्ही हात तोंडावर धरून उभ्या होत्या, डोळे भरलेले, आणि "खरंच की गं, खरंच की," एवढंच म्हणत होत्या. मास्तर खुर्चीतून उठत होते. नवरा मात्र त्यांच्या आधीच तिच्यापाशी पोचला होता.

"कुठं?" त्यानं विचारलं. "कुठं लागलं? बघू."

तिला सांगायचं होतं की विशेष काही नाही. तिनं धनुष्य गवतावर ठेवलं, बाही वर केली आणि हात त्याच्यासमोर धरला.

"इथं," ती म्हणाली. त्यानं बोट लावलं तशी ती कळवळली. "अरे, हळू!"